मूल कुठे आहे?

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. नाव सरकारी दप्तरात शोभावं असं, पण आतला व्यवहार निव्वळ मायेचा होता. वैधव्यात दिवस गेलेल्या बाईने इथे यावं, गुपचूप आणि सुखरूप बाळंत व्हावं. मूल बरोबर न्यावं की इथे ठेवावं, ते तिचं तिने ठरवावं. तशी पत्रकं त्यांनी शहरात लावली होती. त्या काळात अशा बाईपुढे दोनच वाटा उरत. एक विहिरीची आणि दुसरी तान्ह्या जिवाच्या नरड्याला नख लावण्याची. दुसरी वाट धरली की पुढे कोर्टकचेरी आणि काळं पाणी.

१८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर अशाच बालहत्येचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली, ती शिक्षा पुढे अपिलात कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं गेलं. ते वाचून संतापलेल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. बाईला दोषी धरणाऱ्यांनो, तुमच्यातला तो दुसरा भागीदार कुठे आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा.

या दोन प्रसंगांत तीन प्रश्न दिसतात. कोर्टाने विचारलं, काय केलंस? ताराबाईंनी विचारलं, तो कुठे आहे? आणि सावित्रीबाईंनी दार उघडून विचारलं, बाळंतपण कुठे करशील, बाळ कुठे ठेवशील? तिन्ही प्रश्न आपापल्या जागी रास्त आहेत. माझा आग्रह आहे तो क्रमाचा. पोलीस ठाण्याच्या, तुरुंगाच्या किंवा वस्तीच्या उंबऱ्यावर एखादी तरुण एकटी आई उभी असेल, तर तिला सर्वांत आधी विचारायचं ते हे की मूल कुठे आहे. पुढच्या पानांत जे जे सांगितलं आहे, ते या एका क्रमबदलातून येतं, असं मला वाटतं.

या पुस्तकाचा विषय असलेली बाई कोण, ते आधी स्पष्ट करू. ती साधारण अठरा ते पंचविशीच्या आसपासची असते. विधवा असेल, नवऱ्याने टाकलेली असेल, लग्न न होता आई झालेली असेल किंवा नवरा तुरुंगात असल्याने एकटी पडलेली असेल. तिच्या कडेवर एक मूल असतं, कधी दोन. आणि तिच्यावर गुन्हेगारीचा शिक्का बसलेला असतो. ‘शिक्का’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. गुन्हा सिद्ध होतो निकालाच्या दिवशी, पण शिक्का बसतो वस्तीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी थांबते त्या दिवशी. पुढे निर्दोष सुटल्याचा कागद आला तरी तो कागद गावाला कोण वाचून दाखवणार?

हा शिक्का तीन वाटांनी येतो.

पहिली वाट तिच्या स्वतःवरच्या केसची. धुणंभांडी करते त्या घरातल्या चोरीचा आळ, १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली हातभट्टीची केस, अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखालची धाड, १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्याखाली सिग्नलवरून उचललं जाणं, कुणीतरी ‘दोन दिवस ठेव’ म्हणून दिलेलं पुडकं. काही जणींवर खुनासारखे गंभीर आरोपही असतात, आणि त्यांतल्या काहींच्या मागे वर्षानुवर्षं सोसलेली मारहाण असते. आरोप लहान असो वा मोठा, अटकेच्या क्षणी घरात चूल पेटलेली असते आणि पोर झोपलेलं असतं.

दुसरी वाट पुरुषाच्या केसची. नवरा आत गेला की बायको बाहेर शिक्षा भोगू लागते. वकिलाची फी, मुलाकतीला जाण्याचं भाडं, मनीऑर्डर, आणि सासरच्यांचे ‘तुझ्या पायगुणाने झालं’ हे शब्द. यातली एक गोष्ट अलीकडे फार दिसते आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. ऊसतोडीच्या तळावर किंवा आदिवासी पाड्यावर सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावलं जातं किंवा ती स्वतः कुणाबरोबर निघून जाते. दिवस जातात. सरकारी दवाखान्यात वय नोंदवलं जातं, आणि २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं दवाखान्याला बंधनकारक असतं. पोरगा आत जातो. हा कायदा मुलींच्या रक्षणासाठीच आहे आणि तो हवाच. पण पंचनामा आणि जबाब झाल्यावर ती मुलगी आठव्या महिन्याचं पोट घेऊन कोणाच्या घरी परतणार, याची तजवीज त्याच तत्परतेने व्हायला हवी. ती होत नाही, म्हणून तिची मैत्रीण पुढच्या वेळी दवाखान्याची पायरीच चढत नाही आणि घरीच बाळंत होते. रक्षणाचा कायदा तिला धाक वाटू लागतो.

तिसरी वाट सर्वांत जुनी. ती जातीच्या शिक्क्याची. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसं जन्मतःच गुन्हेगार ठरवली. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड पिढ्या गेल्या, हजेऱ्या लागल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते कुंपण कायद्याने तुटलं, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे त्याच्या जागी आले आणि संशयाची सवय गेली नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ ज्यांनी वाचलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. आजही परिसरात चोरी झाली की धाड आधी पारध्यांच्या पालावर पडते. पुरुष रानात पळतात, आणि अंगावर पाजणारी बाई पळू शकत नाही म्हणून ती सापडते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांच्या नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवला आणि विमुक्त जमातींकडे सराईत गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या नियमांवरही बोट ठेवलं. कुंपण तुटल्यानंतर बहात्तर वर्षांनी हे सांगावं लागलं.

वाटा तीन असल्या तरी त्या एकाच ठिकाणी येऊन मिळतात: आई आणि मूल यांची ताटातूट, किंवा दोघांचाही तुरुंग.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत २३,७७२ स्त्रिया होत्या, एकूण कैद्यांच्या सुमारे चार टक्के. त्यांतल्या १,५३७ जणींबरोबर त्यांची १,७६४ मुलं आत राहत होती. म्हणजे १,७६४ पोरं कुठलाही आरोप नसताना बराकीत वाढत होती. आणि ही झाली फक्त आतली मुलं. जी आजीकडे, शेजारणीकडे, वसतिगृहात आहेत किंवा कुणाकडेच नाहीत, ती या आकड्यात येत नाहीत.

अटकेची पहिली रात्र कशी असते, ते कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. अंगावर पिणारं बाळ घरी राहिलेलं असतं आणि इकडे छाती दुधाने दगडासारखी होते. ब्लाऊज भिजतो. ताप चढतो. लाजेने ती कुणाला सांगत नाही, आणि पहाऱ्यावरच्या बाईच्या लक्षात आलं तरी तिला करण्यासारखं काही सांगितलेलं नसतं. त्या रात्री कुणी ‘तुझं बाळ कुठे आहे?’ एवढं विचारलं असतं, तर बाळाला आणता आलं असतं किंवा निदान ते कोणाच्या हाती आहे ते तिला कळलं असतं. तो प्रश्न विचारायला एक पैसाही लागत नाही.

मूल बरोबर असेल तर ते सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००६ रोजी त्याबद्दल सविस्तर निर्देश दिले. बाळंतपण शक्यतो तुरुंगाबाहेरच्या दवाखान्यात व्हावं. जन्माच्या दाखल्यावर तुरुंगाचं नाव येऊ नये. लहानग्यांसाठी पाळणाघर आणि बालवाडी असावी. परिस्थिती परवानगी देईल तिथे नामकरणाची सोयही व्हावी. हा शेवटचा निर्देश वाचताना मी दर वेळी थबकते. देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला एका कैदी बाईच्या बाळाच्या बारशाची आठवण झाली! कायदाही मायेने लिहिता येतो, याचा तो पुरावा आहे.

पण सहावं वर्ष येतंच. बाहेरच्या घरांत सहावा वाढदिवस म्हणजे केक, टोपी आणि शाळेचं नवं दप्तर. आत तो ताटातुटीचा दिवस असतो. त्या मुलाला आजवर आईची कूस आणि संध्याकाळी बंद होणारी बराक एवढंच ठाऊक असतं. नंतर मुलाकत होते ती काचेआडून किंवा जाळीतून. महाराष्ट्राच्या तुरुंगांत कैद्यांना मुलांना प्रत्यक्ष कुशीत घेता यावं म्हणून ‘गळाभेट’ नावाचे कार्यक्रम झाले आहेत. नाव अचूक आहे. जिच्यापासून मूल तोडलं गेलं, तिला आधी गळ्याशी लागणारे दोन हात हवे असतात. ही भेट एखाद्या दिवसाचा सोहळा न राहता नियमाने व्हायला हवी.

आता जामिनाचं पाहू, कारण खरी गाठ तिथे आहे. स्त्रीला जामीन देताना न्यायालयाने उदार दृष्टी ठेवावी अशी तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. पूर्वी कधीही गुन्हा सिद्ध न झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि काही अपवाद वगळता त्याला सोडण्याची वाटही नव्या संहितेने दिली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. कागदावर हे सगळं आहे. तरीही जामीन मंजूर होतो आणि सुटका होत नाही, कारण जामीनदार मिळत नाही. जामीनदाराला ऐपतीचा दाखला लागतो, सातबारा किंवा पगाराची पावती लागते. पालावरच्या बाईच्या ओळखीत सातबारा असलेला माणूस कुठून येणार? आणि ज्याच्याकडे सातबारा आहे तो तिच्यासाठी कोर्टाची पायरी का चढेल?

न्यायव्यवस्थेला हे माहीत नाही असं नाही. १९७८ साली मोती राम खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी गरिबांना न झेपणाऱ्या जामिनांवर कठोर शब्दांत टीका केली. ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तिच्यात तेव्हा कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत ठरवली गेली. म्हणून कार्यकर्त्याने पहिल्याच भेटीत तिची कोर्टाची तारीख, जामिनाचा आदेश आणि त्यातली अट तपासावी. सातवा दिवस मोजावा. जातमुचलक्यावर सुटका होईल का, यासाठी अर्ज करावा. तिची रडारड ऐकून घेण्याइतकंच हे कामही मायेचं आहे.

इथे एका शब्दाविषयी बोलायला हवं. ‘स्वास्थ्य’ म्हटलं की आपल्यासमोर गोळ्या, तपासण्या, फार तर समुपदेशन येतं. पण शब्द फोडून पाहिला तर स्वस्थ म्हणजे जो आपल्या ठायी आहे तो. ज्याला ठाव आहे तोच स्वस्थ असू शकतो. जिला रात्री कुठे झोपायचं ते माहीत नाही, जिचं मूल कोणत्या गावी आहे ते माहीत नाही, जिला पुढच्या तारखेला गाडीभाडं नाही, तिला ‘मन शांत ठेव, श्वासावर लक्ष दे’ असं सांगणं क्रूरपणाचं होईल. तिचं स्वास्थ्य सुरू होतं ते ठावापासून: एक खोली, एक रेशनकार्ड, मुलाच्या जन्माचा दाखला, बँकेचं खातं, आणि दाराला आतून लावता येईल अशी कडी. त्यानंतर समुपदेशनाचं काम सुरू होतं, आणि तेही फार गरजेचं आहे. बाळंतपणानंतरची उदासी तुरुंगातही येते आणि तिला तिथे नुसतं ‘नाटक’ म्हटलं जातं. टेली-मानसची १४४१६ ही हेल्पलाइन आहे, विधी सेवेची १५१०० आहे, मुलांसाठी १०९८ आहे. हे तीन आकडे प्रत्येक कार्यकर्तीला पाठ असावेत.

सुटकेचा दिवस आपण आनंदाचा मानतो. अनुभवी कार्यकर्त्या मात्र त्याच दिवसाला सर्वांत जास्त जपतात. सुटका बहुधा संध्याकाळी होते. फाटकाबाहेर कुणी नसतं. हातात पिशवी, फोन बंद पडलेला, माहेरची दारं लागलेली, आणि गेटजवळ ‘कुठे जायचंय ताई?’ म्हणत थांबलेला कुणी अनोळखी माणूस. त्या एका तासात फाटकाबाहेर आपलं कुणी उभं आहे की नाही, यावर तिची पुढची वर्षं ठरू शकतात. टाटा समाज विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून तुरुंग, न्यायालय आणि सुटकेनंतरचं आयुष्य या सलग साखळीत काम करत आला आहे. त्या कामाचं मोल या सलगपणात आहे. आत भेटलेला चेहरा बाहेरही भेटला, तर विश्वास पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागत नाही.

सरकारी योजनांचा आधारही कमी नाही, तो हाती लागणं मात्र कठीण आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या पत्नीचा समावेश आहे. बालसंगोपन योजनेतून, आईवडील सांभाळू शकत नाहीत अशा मुलाला आपल्याच माणसांत वाढवण्यासाठी दरमहा मदत मिळते. तुरुंगातल्या आईचं मूल सांभाळणाऱ्या आजीसाठी ही योजना म्हणजे मोठा हातभार. आपण आईचा विचार करतो आणि त्या आजीला विसरतो. साठी ओलांडलेली ती बाई पुन्हा एकदा दूध, लंगोट आणि शाळेचे फॉर्म यांच्यामागे धावत असते. तिला बळ दिलं तर मूल अनाथालयात जात नाही, आणि आई सुटेल तेव्हा तिला परतायला घर उरतं.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण या मुलींकडे पाहतो तेव्हा आपल्याला एक तर आरोपी दिसते, नाहीतर आई. त्या दोन्हींच्या मधली एकोणीस वर्षांची पोर दिसत नाही. तिला गाणी ऐकायची असतात, सुटलेली दहावी पुरी करायची असते, मैत्रिणी हव्या असतात, कधीतरी मूल कुणाकडे तरी सोपवून तासभर गाढ झोपायचं असतं. पुन्हा प्रेमात पडावंसं वाटलं तर तेही तिच्या वयाला साजेसंच आहे. मदत करणारे हात अनेकदा तिच्याकडून पश्चात्तापाची आणि त्यागाची मूर्ती होण्याची अपेक्षा ठेवतात. ती अपेक्षा पुरी करता आली नाही की तिला ‘सुधारणारी नाही’ म्हणतात. तिची मूर्ती करू नये. तिला वाढू द्यावं.

आता तो आक्षेप, जो प्रत्येक सभेत कुणीतरी उठून घेतं. जिच्याकडे चोरी झाली, जिचा माणूस गेला, तिचं काय? गुन्हा केला तिला ही सगळी मदत कशासाठी? हा प्रश्न विचारणाऱ्याचं दुःख खरं असू शकतं आणि त्याला झटकून टाकणं योग्य नाही. पीडिताला न्याय आणि भरपाई मिळायलाच हवी. पण शिक्षा न्यायालयाने दिली तेवढीच असावी. घर नाकारणं, काम नाकारणं, मुलाला शाळेत वेगळं बसवणं, पंचांनी वाळीत टाकणं ही शिक्षा कोणत्याही निकालपत्रात लिहिलेली नसते. महाराष्ट्राने तर सामाजिक बहिष्काराला गुन्हा ठरवणारा कायदा २०१६ साली केला आहे. आणि मुलाने तर काहीच केलेलं नसतं. एकट्या आईला उभं केल्याने पीडिताचं काही हिरावलं जात नाही. तिला पडू दिलं, तर मात्र तिच्या पोराच्या वाट्याला तोच शिक्का येतो आणि उद्या आणखी कुणीतरी पीडित होतं.

हे पुस्तक वकिलाने वाचावं, महिला पोलिसाने वाचावं, तितकंच अंगणवाडी सेविकेने, आशाताईने, शाळेच्या बाईंनी आणि खोली भाड्याने देणाऱ्यानेही वाचावं. तिचं आयुष्य कोर्टात वर्षातून चार-सहा वेळा ठरतं आणि या माणसांच्या दारात रोज ठरतं. पुढच्या प्रकरणांत अर्ज कसा करावा, कोणता दाखला कुठे मिळतो, मुलाला आईबद्दल काय आणि किती सांगावं, हे बारकाईने आलं आहे. वाचताना घाई करू नये. एखादी अडचण वाचून झाली की आपल्या तालुक्यात ती कोण सोडवेल, त्याचं नाव समासात लिहावं. ती नावं भरली म्हणजे पुस्तक पुरं झालं.

फुल्यांच्या त्या घरात काशीबाई नावाची एक विधवा आली होती. तिचं मूल सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं आणि त्याचं नाव यशवंत ठेवलं. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात तो पुण्याजवळ रोग्यांवर उपचार करत होता, आणि त्याच रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला. १० मार्चला त्या गेल्या. महाराष्ट्राच्या बालसंगोपन योजनेला आज त्यांचंच नाव दिलेलं आहे. काशीबाईला त्या दारात कुणी आधी ‘काय केलंस?’ असं विचारलं असतं, तर ती उंबऱ्यावरूनच मागे वळली असती. मग यशवंत नसता, आणि प्लेगच्या त्या रोग्यांच्या उशाशी तो डॉक्टरही नसता. आपल्या तालुक्यातल्या पोलीस ठाण्यात आज रात्रीही एखादी काशीबाई बसलेली असेल. तिच्या समोरच्या खुर्चीवरच्या माणसाने वही उघडण्यापूर्वी एवढंच विचारावं: मूल कुठे आहे?